नाताळाचे मुकादम

तुळशीचं लग्न लागलं, अंगणातला ऊस पोरांनी चोखून संपवला, की आमच्या वाडीत अंकलची पहिली फेरी निघते. हातात कोयती, खांद्यावर टॉवेल आणि नजर प्रत्येकाच्या पडवीच्या आढ्याकडे. "कंदील उतरवलंस? कामटे टाकू नको हां, माका होये." दिवाळीचा आकाशकंदील तुमच्या हिशेबात संपलेला असतो. अंकलच्या हिशेबात तो चांदणीचा कच्चा माल असतो आणि तुम्ही तो फक्त दिवाळीपुरता वापरायला नेलेला असतो.

अंकलचं आडनाव विचारू नका. डिसोझा, फर्नांडिस, रॉड्रिग्ज, लोबो, काय आवडेल ते लावा. मालवणपासून वेंगुर्ला, सावंतवाडी, बांद्यापर्यंत जिथे म्हणून चार ख्रिस्ती घरं आहेत तिथे एक अंकल आहेच. आणि हसण्यात अर्थ नाही, कारण गणपतीत मखरासमोर दहा फुटांवर उभं राहून एक डोळा मिटून "वायच उजवीकडे" म्हणणारे तुमचे काका याच वाणाचे. स्वतः खिळा मारणार नाहीत, पण मारलेला खिळा यांच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय पक्का झाला असं धरत नाहीत.

आमच्या अंकलनी जन्म बोटीवर काढला. आधी भांडी घासायला लागले आणि चीफ कूक होऊन उतरले. आंटी हे एका वाक्यात सांगतात: "पंचवीस वर्षां बोटीर होते. नाताळ कधी सिंगापूराक, कधी रॉटरडॅमाक. आता ती सगळी थकबाकी माझ्या घरात वसूल करतत."

वसुलीची सुरुवात चांदणीपासून. बाजारात आता शंभर-दीडशेला लुकलुकणारी तयार चांदणी मिळते. अंकलच्या पुतण्याने एकदा ती आणून गुपचूप माडाला टांगली. संध्याकाळी ती पेटली, विझली, पेटली. अंकल खाली उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "बेथलेहेमचो तारो तो, बारचो बोर्ड नाय. ते तीन राजे बिचारे उंटार बसान येतत. दोन सेकंद दिसता, दोन सेकंद नाय. वाट चुकले तर जबाबदार कोण?" चांदणी उतरली. तेव्हापासून कामट्या, खळ, पतंगाचा कागद आणि मधे साधा पिवळा बल्ब. कामट्या पोरं तासतात, खळ आंटी शिजवतात, कागद मी चिकटवतो. अंकल "तसा नाय, तसा नाय" एवढंच म्हणतात, पण दर पाच मिनिटांनी म्हणतात.

तरी चांदणी म्हणजे नुसती तालीम. खरं काम गोठ्याचं. असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतल्या ग्रेचो गावात नाताळच्या रात्री गोठा मांडला, खरं गवत, जिवंत बैल आणि गाढव आणून. ही हकिगत अंकल दरवर्षी सांगतात आणि अशा आवाजात सांगतात, की त्या दिवशी फुटपट्टी धरायला हेच गेले असावेत.

डिसेंबर मध्यावर आला की डब्यांच्या झाकणांत माती भरून नाचणी पेरायची. झाकणं पलंगाखाली. रोज सकाळी अंकल गुडघ्यांवर बसून, डोकं पलंगाखाली घालून पाण्याचे थेंब बोटांनी शिंपडतात. आंटी तेवढ्यात त्यांना ओलांडून केर काढून घेतात. 24 तारखेला रोप चार बोटं हवं. वाढलं तर कात्रीने छाटतात, कारण बेथलेहेमची शेती त्याहून उंच गेली की मेंढ्या दिसत नाहीत. डोंगराला जांभ्याची माती, ओढ्याला फुटक्या आरशाचा तुकडा, छपराला पेंढा. बैल मात्र सावंतवाडीच्या चितारआळीतले, लाकडी, लाल-पिवळे, टवटवीत. शेजारच्या मेंढपाळापेक्षा ते दीडपट उंच आहेत, पण अंकलना त्याचं काही वाटत नाही. "जातिवंत हत," म्हणतात.

जोसेफची गोष्ट निराळी. एका वर्षी गोठा उतरवताना जोसेफचा हात मनगटातून गेला. अंकलनी त्याला टॉवेलात गुंडाळून थेट गणपतीच्या शाळेत नेला. तिथल्या मूर्तिकाराने शाडूचा नवा हात बसवला, आणि हात लागलेलाच आहे म्हणून सबंध मूर्ती रंगवूनही दिली. तेव्हापासून आमच्याकडचा जोसेफ गुलाबी गालांचा, काजळ घातल्यासारख्या डोळ्यांचा आहे आणि नवा हात किंचित उचललेला असल्यामुळे आल्यागेल्याला आशीर्वाद देतो. आंटी पहिल्यांदा बघून म्हणाल्या, "मोदक तेवढो ऱ्हवलो." अंकल दोन दिवस बोलले नाहीत. पण हात बदलून आणला नाही.

गोठ्याच्या डाव्या अंगाला सिंधुदुर्ग किल्ला असतो, पुठ्ठ्याचा. 1664 ते 1667 या काळात शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधलेला तो किल्ला बेथलेहेममध्ये काय करतो, हे कुणी विचारत नाही; मालवणात राहून किल्ला न दाखवणं हीच चूक ठरेल. किल्ल्यापुढे निळा कागद, त्यावर होडी, काठावर जाळं ओढणारे चार रापणकर. नव्याने आलेल्या एका फादरांनी मात्र विचारलं. घाटावरचे होते, अजून सवय नव्हती.

"अंकल, बेथलेहेमला समुद्र नाही हो."

"फादर, पेद्रू कोण होतो?"

"पेत्र? मासेमारी करायचा."

"मगे? रापणकारच ना?"

"पण ते गालीलच्या सरोवरावर. आणि हे सगळं तीस वर्षांनंतरचं."

अंकलनी फादरांकडे मायेने बघितलं. "तीस वर्षां आधी तेचो बापूस रापणीर होतोच मां?"

फादरांनी चहा घेतला. गोठ्यांच्या स्पर्धेत अंकलना त्या वर्षी उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. त्याच्या आदल्या वर्षीही उत्तेजनार्थच होतं. "परीक्षकांका भूगोल कळना नाय," असं त्यांचं मत आहे.

स्वयंपाकघरात अंकलना प्रवेश आहे, मतदानाचा हक्क नाही. चीफ कूक असले तरी बोटीवरचे; आंटी त्यांना दोदोलाच्या कढईपाशी फक्त ताकदीसाठी उभं करतात. तांदळाचं पीठ, माडाचा काळा गूळ, नारळाचा रस, आणि तेल सुटेपर्यंत न थांबता ढवळणं. अंकल पहिली दहा मिनिटं जोरात ढवळतात. मग सांगू लागतात, की एकदा बोटीवर वादळात चाळीस माणसांचा केक कसा भाजला. गोष्ट रंगात आली की हात थांबतो, दोदोल तळाला लागायला बघतो आणि आंटी कलथा काढून घेतात. मग अंकल कुलकुलांच्या टेबलाशी. तिथे वाडीतली सगळी पोरं, आमचीही, पिठाच्या गोळ्या काट्याच्या पाठीवर दाबून वळत बसलेली असतात. अंकल एक एक कुलकुल उचलून उजेडात धरतात. नापास झालेलं खाऊन टाकतात. नापास होण्याचं प्रमाण संध्याकाळी चहाच्या वेळी वाढतं.

आता ताटांचा विषय, आणि इथे मी अंकलना मनापासून मानतो. दिवाळीत आमच्याकडून फराळ त्यांच्याकडे जातो, नाताळात त्यांच्याकडून नेवऱ्या, दोदोल, कुलकुलं, केक आमच्याकडे येतात, आणि ताट कधी रिकामं परत जात नाही, एवढं सगळ्यांनाच माहीत. पण अंकलकडे त्याची वही आहे. शाळेची, दुरेघी. कुणाच्या घरी अंडं चालत नाही, कुणाची आजी वर्षभर गुरुवार करते, कुणाला साखर झाली, कुणाकडे सुतक आहे म्हणून गोड नको पण माणूस पाठवायचा, सगळं पेन्सिलीने. नाताळ मार्गशीर्षातल्या गुरुवारी आला तर आमच्या आईचं ताट शुक्रवारी येतं, न सांगता. बिनअंड्याच्या केकवर एक काजू, अंड्याच्या केकवर दोन, ही खूण वाडीतल्या पोरांनाही पाठ आहे. वहीच्या शेवटच्या पानावर 'येणे' असं लिहून खाली परत न आलेल्या ताटांची यादी असते. त्यातलं एक स्टीलचं ताट आमच्याकडे आहे. अंकल कधी मागत नाहीत. फक्त घरी आले की मांडणीकडे बघून म्हणतात, "बरा चकाकता."

हे दिवस पर्यटकांचे. तारकर्ली-देवबागला पाय ठेवायला जागा नसते. मागच्या खेपेला पुण्याचं एक कुटुंब शेजारच्या होमस्टेत उतरलं होतं. त्यांनी रस्त्यात अंकलना गाठून विचारलं, "काका, इथे ख्रिसमसचं काही असतं का? पार्टी वगैरे?" अंकल म्हणाले, "असता मां, येवा." पुढचे दोन तास त्यातले वडील शिडी धरून उभे होते, मुलगा सुरूच्या फांदीला कापूस लावत होता आणि त्यांच्या सौभाग्यवती आंटींजवळ नेवऱ्यांना मुरड घालायला बसल्या होत्या. जाताना ते गृहस्थ अंकलचे हात हातात घेऊन "फार छान वाटलं" म्हणाले. अंकल म्हणाले, "फांदी वायच तिरकी झाली. पण चलात."

चर्चमध्ये अंकलचा अंमल नोव्हेनापासून सुरू होतो. 16 डिसेंबरपासून नऊ दिवस संध्याकाळी प्रार्थना, नंतर गायनमंडळाची तालीम. तरुण पोरांना कीबोर्डवर इंग्रजी कॅरोल हवीत. अंकलचं म्हणणं, कोकणी आणि मराठी. त्यासाठी ते थॉमस स्टीफन्सना बोलावतात. "इंग्रज माणूस. 1579 सालात गोव्यात इलो. हयली भास शिकलो आणि ख्रिस्तपुराण ओवयांत रचल्यान. 1616 सालात राशोलाक छापला. इंग्रजाक मराठी जमला, आणि तुमका इंग्रजी होया?" पोरं मान खाली घालतात. युक्तिवाद बिनतोड आहे. मग अंकल घरी जातात आणि टेपरेकॉर्डरवर जिम रीव्हजची नाताळची कॅसेट लावतात, इतक्या मोठ्याने की तालमीला ऐकू जावी.

24 च्या रात्री ते सूट घालतात. सिंगापूरला शिवलेला, तीन तुकड्यांचा, डांबरगोळ्यांच्या वासाचा. मालवणात डिसेंबरात थंडी म्हणजे पहाटे पंखा एकवर आणायचा, एवढीच. पण अंकल कोटाचं बटण काढत नाहीत. तासभर आधी जाऊन बाकावर रुमाल पसरतात. एक माझ्यासाठीही असतो. मिस्सा सुरू होईपर्यंत मला माहिती पुरवणं चालू: आपण आधी पुण्याच्या धर्मप्रांतात होतो, 2005 सालच्या जुलैत सिंधुदुर्गचा धर्मप्रांत वेगळा झाला, कॅथेड्रल सावंतवाडीला, मिलाग्रीसचं. "आधी बिशप पुण्याक आणि मधी घाट. कसा जमतला?" धर्मप्रांत वेगळा काढायला यांनीच अर्ज केला असावा असं वाटतं.

ग्लोरियाला घंटा सुरू होतात, सगळे दिवे लागतात, बाळ येशूची मूर्ती गव्हाणीत दिसते आणि अंकल माझ्या बरगडीत कोपर मारतात, म्हणजे उभा राहा. मी आधीच उभा असतो. प्रवचन सुरू झालं की त्यांची मान कॉलरीत उतरते. दानाची पिशवी दोन बाकं अलीकडे आली की आपोआप जाग येते, हात खिशात, नोट तयार. शेवटी बाळ येशूचं चुंबन घ्यायला रांग लागते. ती सरळ राहावी म्हणून अंकल रांगेबाहेर उभे राहतात आणि स्वतः सगळ्यात शेवटी जातात. वाकताना गुडघा दुखतो, पुतण्याचा खांदा धरतात. परत येऊन माझा हात दाबून "हॅपी ख्रिसमस" म्हणतात, आणि त्याच दमात, "हयलो गोठो बघलंस? गाढव भिंतीकडे तोंड करून ठेवल्यानी."

25 ची दुपार सोरपोतेल, माडी घालून फुगवलेली सान्नां आणि झोप यांत जाते. तेवढे दोन तास वाडी निवांत असते. चार वाजता दुबईहून मुलीचा व्हिडिओ कॉल येतो. नातवंडांचं तोंड बघून झालं की अंकल फोन गोठ्यापुढे धरतात आणि किल्ला, होडी, बैल क्रमाने दाखवतात. कॅमेरा उलटा असतो. मुलगी निमूटपणे बापाच्या नाकपुड्या बघत "छान झालंय, पप्पा" म्हणते. मग ते तिच्या घरातलं झाड मालवणातून थोडं डावीकडे घ्यायला लावतात.

सण संपला असं तुम्हाला वाटेल. तीन राजे अजून यायचे असतात. त्यांचा दिवस 6 जानेवारी, आणि तोवर अंकल त्यांना गोठ्याजवळ फिरकू देत नाहीत. 25 ला राजे निघतात ते ओटीवरच्या शोकेसवरून. रोज रात्री जेवण झाल्यावर अंकल त्यांना वीतभर पुढे सरकवतात. एका राजाचा उंट मोडला आहे, त्याला चितारआळीतलाच एक हत्ती दिला आहे. पोरं मुद्दाम रात्रीत राजांना थेट गोठ्यापाशी नेऊन ठेवतात. सकाळी अंकल काही न बोलता त्यांना मागे आणतात.

गोठा मांडलेला असतो आंटींच्या शिलाई मशीनवर. शाळेच्या गॅदरिंगचे फ्रॉक शिवायचे राहिलेले, पोरींच्या आया दारात. नववर्ष उलटलं की आंटी रोज विचारतात, "कधी काढतल्यात?"

"राजे पोचल्याशिवाय कसो काढू?"

"मगे चलवा तेंका भराभर!"

अंकल चष्मा वर करून राजांकडे बघतात. ते फ्रिजवर पोचलेले असतात. "पूर्वेकडसून येतत ते. म्हंजे कोल्हापूरसून. कालच फोंडाघाट उतरले. आज कणकवली. कसालाक वस्ती करतले, उंटांका पाणी दाखवतले." मग आवाज उतरवून, "आणि हत्ती हा सांगाती. तो धावना नाय."

आंटी फ्रॉकचं कापड घेऊन आमच्याकडे येतात. आमच्या मशीनवर.