टेपवाला कुठल्या खात्याचा?

"बाई, तुमच्यात आलता का ओ त्यो टेपवाला?"

आक्कांचा आवाज आधी येतो, मग शेवग्याच्या आडून पदर दिसतो. आमच्या परसात तारेचं कुंपण आहे, पण ते शेरडांसाठी. बातमीला ते कधी आडवं आलेलं नाही.

"कोण टेपवाला?"

"आवं, मी उसात खुरपायला गेल्याली. घरात सून एकली, तीबी न्हाणीत. ह्यो बाबा फाटक उघडून सरळ आत. नव्या पत्र्याच्या शेडला टेप लावला, मीटर बघितला, टाकीचं झाकण उचललं, चौकटीवर खडूनं कायतरी खरडलं आन् गेला. सून केस पुसत भाईर आली तवा फटफटीचा धूर तेवढा ऱ्हायलेला."

"कुठल्या ऑफिसचा होता?"

"त्येच तर कळंना. पर काखंत वही हुती म्हणं. म्हंजी सरकारीच की."

काखेत वही दिसली की माणूस सरकारी, हे शास्त्र आमच्या कळंबात कोणी तपासायला जात नाही. मी आपली खुणांवरून माग काढायला लागले. शेडला टेप लावला म्हणजे घरपट्टीवाला. नमुना आठला वाढीव बांधकाम चढवायचं असेल. टाकीत डोकावला म्हणजे डासांच्या अळ्या बघणारा. मीटर बघितला तर लाइटवाला. चौकटीवर खडू म्हणजे पोलिओ, नाहीतर शिरगणती. पण एकाच माणसानं चार खाती उरकून सून न्हाणीतून यायच्या आत गाव सोडावं? इतकं चपळ सरकार मी नोकरीच्या काळातसुद्धा पाहिलं नाही.

"चोर असंल," आक्का म्हणाल्या.

"चोर शेड मोजत नाही, आक्का."

शेवटी भाच्याला फोन लावला. तो इंदापूरच्या कोर्टात वकिली करतो. फोन स्पीकरवर टाकून तारेला धरला. भाचा म्हणाला, शिरायचा हक्क बहुतेकांना आहे मावशी, पण ज्याचं त्याचं आत यायचं वळण वेगळं. शिरगणतीवाल्याला १९४८च्या कायद्यानं घरात घ्यावं लागतं, दारावर आकडाही टाकू द्यावा लागतो. मात्र त्यानं देशाच्या रीतीभातीला धरून वागायचं. लाइटवाल्याचं कडक. २००३च्या वीज कायद्यात १३५ कलम आहे. वीजचोरीचा संशय असला तर अधिकार दिलेला साहेब कुलूप तोडूनही आत जाऊ शकतो. फक्त राहत्या घराची झडती दिवस मावळल्यापासून उगवेपर्यंत घ्यायची नाही. घ्यायचीच तर घरातला वयात आलेला पुरुष हजर पाहिजे.

आक्का जरा थांबल्या. मालक जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा चाकणला कंपनीत. "म्हंजी माझ्या घरी रातीचं कुणी येऊच शकत न्हाई?"

"झडतीला नाही."

"मग आकडा टाकायला बायांनाच ठिवावं की!"

कायदा करणाऱ्यांनी बायकांची अब्रू जपायला ही ओळ घातली असेल. आक्कांनी तिचा धंदा काढला.

जुनं उदाहरण मुंबईचं. तिथल्या महापालिकेच्या १८८८च्या कायद्यात ४८८ कलम आहे आणि ते अजून चालतं. राहत्या घरात शिरायचं तर मालकाची संमती, नाहीतर चोवीस तास आधी लेखी नोटीस. तीही सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. वर आणखी, घरातल्या बायकांना बाजूच्या खोलीत जायला पुरेसा अवधी द्यायचा आणि लोकांच्या धर्माचा, चालीरीतींचा मान राखायचा. साहेबाच्या राज्यात लिहिलेलं आहे हे!

आणि त्यानंतर नऊच वर्षांनी पुण्यात काय झालं?

"रँड," आक्का लगेच म्हणाल्या. 'बावीस जून १८९७' त्यांनी टीव्हीवर पाहिलाय.

शाळेत हा धडा मी इतक्यांदा शिकवला की गोळी कधी सुटते एवढ्यावरच मुलांचं लक्ष. मला मात्र त्याआधीचे महिने मोठे वाटतात. प्लेग खरा होता, माणसं पटापट मरत होती, घरोघर बघणं भागच होतं. फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा झाला, रँड प्लेग कमिटीचा अध्यक्ष झाला आणि गोरे सोजीर गल्लीगल्लीत शिरले. बूट घालून देवघरात, स्वयंपाकघरात. आजारी माणूस इस्पितळात, बाकीचं घर छावणीत, सामान अंगणात आणून जाळलेलं. गोखल्यांनी विलायतेत बायकांवरच्या अत्याचारांची तक्रार मांडली. पुढं पुरावा देता येईना, म्हणून परत आल्यावर त्यांना माफी मागावी लागली. घरात घुसलेल्याचं नाव तपासायला उंबऱ्यावर उभं कोण राहतं? राणीच्या हीरक महोत्सवाच्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांनी गोळ्या झाडल्या. दुसरा गोरा साहेब आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला.

तोच १८९७चा कायदा मार्च २०२०मध्ये आपल्या राज्यात परत लागू झाला. पुण्यामुंबईहून आलेल्यांच्या हातावर शिक्के बसले तेव्हा आक्कांचा मुलगाही चौदा दिवस वेगळा राहिला होता. "त्येला ताट म्या लांबनंच सरकवलं," त्या म्हणाल्या, आणि विषय तिथंच सोडला.

मग कंगनावर आलो. कुंपणावरच्या गप्पांत सिनेमावाली आल्याशिवाय चालत नाही. पाली हिलच्या तिच्या बंगल्यावर महापालिकेनं २०२०च्या सप्टेंबरात चोवीस तासांची नोटीस लावली आणि मुदत सरताच ९ तारखेला जेसीबी घातला. नोव्हेंबरात हायकोर्टानं ते पाडकाम बेकायदा आणि आकसाचं ठरवलं.

"तिच्यामागं वकील हुते," आक्का म्हणाल्या. "माझ्यामागं शेरडं."

"हल्ली तर फाटकही उघडावं लागत नाही. पुरंदरातल्या सोनोरीत गावठाणाची मोजणी ड्रोननं झाली. आता तेच गावोगाव. वरून फोटो, खाली मालमत्ता पत्रक."

आक्कांनी वर पाहिलं. मग स्वतःच्या शेडच्या पत्र्याकडं पाहिलं. नवाकोरा पत्रा उन्हात असा चमकत होता की ड्रोनच काय, वालचंदनगरच्या चिमणीवरनं दिसावा.

"आक्का, शेडची नोंद केलीय ना?"

"गुरांचं शेड हाय ते."

"आत तर डीजेचे कर्णे दिसतात."

"धाकल्या पुतण्याचं सामान हाय. लगीनसराई संपली की निघंल."

म्हणजे राग फाटक उघडल्याचा जितका, तितकाच टेप लावल्याचा. माझं म्हणणं मी सांगून टाकलं: पट्टी भरा. गल्लीतला दिवा गेला की पहिली ओरड तुमचीच असते. पण आत येणाऱ्यानं बाहेरून हाक द्यावी, नाव सांगावं, खातं सांगावं, बाईमाणूस बाहेर येईस्तोवर ओट्याशी थांबावं. तेवढं तर १८८८ सालीसुद्धा कळत होतं. पुढच्या वेळी ओळखपत्र मागा.

"वळखपत्र कशाला?" आक्का म्हणाल्या. "ती झेराक्सच्या दुकानातबी मिळत्यात. मी च्या ठिवते आन् इचारते, पावणं कुठलं, कुणाच्यातलं. बावड्याचं म्हनला तर मामाकडनं कळंल, लासुर्ण्याचं म्हनला तर नंदंकडनं. खोटं बोलून जातोय कुठं? आन् च्या पिलेला माणूस फुटापाठी चार बोटं कमीच मोजतोय."

"आणि तुम्ही रानात असलात तर?"

"मग कुत्रं सोडून जाते. त्येला चोवीस तासांची नोटीस कुठल्या कलमाखाली द्यायची, त्ये तुमच्या भाच्याला इचारून ठिवा."