शेऱ्याचा रकाना

परवा आमच्या तालमीच्या दारात एक मुलगी टॅब घेऊन उभी. शहरातल्या कलेच्या जागांचा नकाशा करतोय, पुढच्या आराखड्यात उपयोग होईल, म्हणाली.

"काका, इथं कार्यक्रम होतात?"

"होतात की."

"आसनक्षमता?"

मी आत बघितलं. लाल मातीचा हौदा, एक बाकडं, एक मोडकी खुर्ची. "गणपतीत चारशे. एरवी तीन. खुर्चीवर जपून बसलं तर चार."

तिनं हसत शून्य भरलं. वाहनतळालाही शून्य. स्वच्छतागृहाचं मी विचारूच दिलं नाही.

आता आमच्या कोल्हापुरात 'तालीम' या शब्दाचीच पंचाईत आहे. खाली पैलवानांची तालीम, वर माळ्यावर नाटकाची तालीम. स्पर्धा जवळ आली की वर नायिकेचा गळा दाटून येतो आणि नेमका तेव्हाच खाली कुणीतरी शड्डू ठोकतो. आमच्या एका नायकाला त्याची इतकी सवय झाली, की खऱ्या प्रयोगात शड्डू ऐकू आला नाही म्हणून पठ्ठ्या वाक्यच विसरला. शेवटी विंगेत प्रॉम्प्टरनं स्वतःच्या मांडीवर थाप मारली, तेव्हा गाडी पुढं सरकली.

हा शेजार शाहू महाराजांना पसंत असावा. त्यांनी १९१२ मध्ये खासबागेत कुस्तीचं मैदान उभं केलं आणि १९१५ मध्ये त्याला खेटूनच पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. नकाशात हे ठिपके ठळक येणार, यायलाच पाहिजेत. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, ते नाट्यगृह जळालं. ज्यांनी जन्मात नाटकाचं तिकीट काढलं नव्हतं, तेसुद्धा आमच्या गल्लीत घास टाकून उठले. पुढं प्रयोग कुठं करायचा, हा प्रश्न पडला. तालीम कुठं करायची, हा मात्र कुणालाच पडला नाही.

अशा जागा नकाशाला पूर्वीही कळल्या नसत्या. इथलेच आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवायचे. त्यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच बनवायला घेतला. आनंदराव गेल्यावर बाबूरावांनी तो १९१८ मध्ये पुरा केला. त्या वेळी ही मुलगी टॅब घेऊन त्यांच्या दारात गेली असती, तर ठोकाठोकी बघून तिनं 'कारखाना' लिहिलं असतं आणि नकाशात उद्योगाचा जांभळा रंग भरला असता. (त्याच परंपरेतली 'प्रभात' ही सिनेमा कंपनी १९२९ मध्ये इथं निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. हा विषय कोल्हापूरकराजवळ काढू नये.)

मुलगी मात्र चिकाटीची. आमच्या चहाच्या कपाला नाही म्हणाली नाही. जागेचा प्रकार निवडायच्या यादीत सभागृह, कलादालन, संग्रहालय, खुला रंगमंच असं सगळं होतं. आम्ही कशातच बसेना. तिनं 'इतर'वर बोट ठेवलं.

"काका, शेऱ्यात काय लिहू?"

मी म्हटलं, "लिही बाळ: संध्याकाळी सातनंतर यावं. किल्ली शेजारच्या पानपट्टीवर मिळेल. माळ्यावर चढताना तिसरी पायरी चुकवावी."

तिनं ते तसंच लिहून घेतलं.