पाच हजारांत मिटवू नका

सायकलवाल्याला गाडीनं उडवलं की अँब्युलन्सच्या आधी मध्यस्थ पोचतो. आपल्या कर्जत-खालापूर पट्ट्यात भिवपुरी रोड स्टेशन असो, डिकसळ असो, कर्जतचा चारफाटा असो, नाहीतर खाली चौक-खोपोली. ठिकाण बदलतं, माणूस तोच. एक हात गाडीवाल्याच्या खांद्यावर, दुसरा जखमीच्या. "साहेब, पाच हजार द्या. आणि तू पण ताणू नकोस, मिटवून टाक."

दहा मिनिटांत सौदा. पायाचा.

जखमी कडेला बसलेला. सायकलचं पुढचं चाक द्रोणासारखं वळलेलं, चेन उतरलेली, हँडलच्या पिशवीतला डबा उघडून भाजी डांबरावर सांडलेली. तो पाय हलवून बघतो. हलतो, म्हणजे मोडला नसणार, असं स्वतःलाच सांगतो. कुणीतरी वहीचं पान फाडून लिहितं: माझी कुणाविरुद्ध काही तक्रार नाही. खाली सही, नाहीतर अंगठा. सगळं रीतसर होतं. फक्त गाडीचा नंबर कुणी लिहून घेत नाही.

रात्री पाय सुजतो. दुसऱ्या दिवशी एक्स-रे. नडगीचं हाड मोडलंय, प्लेट बसवावी लागणार. पाच हजार तोवर तपासण्यांतच संपलेले असतात.

आणि साहेबांचा फोन लागत नाही.

आता जरा कायद्याचा हिशेब मांडू. समजा, चोवीस वर्षांचा मुलगा. फार्महाऊसवर माळीकाम करतो, महिन्याला १२ हजार मिळतात. पाय जुळला, पण कायमचा अधू झाला आणि न्यायाधिकरणानं ठरवलं की त्याची कमावण्याची ताकद ३० टक्क्यांनी घटली. वर्षाची कमाई १ लाख ४४ हजार. पुढे पगार वाढला असता म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे. या वयाला १८ नं गुणायचं. त्याचे ३० टक्के. होतात १० लाख ८८ हजार ६४०. दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, सोसलेलं दुखणं आणि मोडलेली सायकल हे सगळं वेगळं.

फाट्यावर काय ठरलं होतं? पाच हजार.

हे आकडे माझ्या मनचे नाहीत. वयानुसार गुणक कोणता, हे सर्वोच्च न्यायालयानं २००९ च्या सरला वर्मा निकालात ठरवून दिलं. भविष्यातल्या वाढीचे टक्के २०१७ च्या प्रणय सेठी निकालात आले. आणि २०१० च्या राजकुमार निकालात न्यायालयानं सांगितलं की डॉक्टरनं लिहिलेली टक्केवारी हा शेवटचा शब्द नाही. त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते बघा. बसून हिशेब लिहिणाऱ्याचा अधू पाय आणि उकिडवं बसून वाफे खुरपणाऱ्याचा अधू पाय न्यायालयाच्या लेखी सारखे नाहीत.

फाट्यावर मात्र सगळ्यांच्या पायांना एकच भाव.

आणि हे पैसे द्यायचे कुणी? गाडीवाल्यानं खिशातून? मुळीच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्यातला थर्ड पार्टी म्हणजे हाच, कडेनं सायकल चालवणारा. गाडीवाला दरवर्षी हप्ता भरतो तो याच्याचसाठी. फाट्यावर मिटलं की सायकलवाल्याचे लाखो जातात, गाडीवाल्याचे हजारो जातात, आणि जिनं हप्ता घेतला ती विमा कंपनी एक रुपया न देता सुटते.

ड्रायव्हरकडे लायसन्स नव्हतं, तर? न्यायालयं बहुतेक वेळा कंपनीला सांगतात, आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा. विमाच नव्हता, तर मालकानं भरायचं. जखमीनं काही मागायचंच नाही, अशी सोय या कायद्यात कुठेही नाही.

ती सोय आपण चिठ्ठी लिहून करतो.

"केस केली तर त्या पोराचं करिअर जाईल हो," असं मध्यस्थ हमखास म्हणतो. कुठल्या पोराचं? सायकलवरही एक पोरगाच होता.

बेदरकारपणे गाडी चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली दखलपात्र गुन्हा आहे. दोन माणसांनी वहीच्या पानावर आपसात मिटवायची ती बाब नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला दवाखान्यात पोचवणं आणि पोलिसांना कळवणं हे ड्रायव्हरचं कर्तव्य आहे. ते करणारा ड्रायव्हर उपकार करत नसतो, कायदा पाळत असतो. तेव्हा त्याचे आभार मानताना तक्रार सोडून देऊ नका.

गुन्हा नोंदवायला दोन दिवस उशीर झाला, आता काय उपयोग, असंही सांगितलं जातं. खोटं आहे. घरचे लोक आधी जखमीकडे धावणार की ठाण्यात, हे न्यायालयाला कळतं. निव्वळ एफआयआरच्या उशिरावरून भरपाईचा दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच म्हटलंय. दावा करायला मात्र उशीर नको. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत दावा लावायचा, अशी तरतूद आहे. ती मुदत घटनेत बसते का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेलाय. त्याच्या निकालाची वाट बघत घरी बसू नका.

दवाखान्याचं काय? "आधी डिपॉझिट भरा" हे वाक्य ऐकून कितीतरी जण तिथूनच परत फिरतात. मे २०२५ पासून केंद्र सरकारची विनारोकड उपचारांची योजना लागू आहे. रस्ते अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंतचे उपचार. जखमी मोटारीत होता की सायकलवर, याला महत्त्व नाही. योजनेतलं रुग्णालय कोणतं, हे ११२ ला फोन करून विचारा. दवाखान्यात अपघात झाल्याचं सांगा आणि एमएलसी, म्हणजे पोलीस केसची वैद्यकीय नोंद, करायला लावा. "सायकलवरून पडलो" असं सांगितलं की तेच केसपेपरवर येतं, आणि विमा कंपनीचा वकील तोच कागद न्यायालयात फडकवतो.

जखमीला आणणाऱ्यानंही घाबरू नये. कलम १३४-अ त्याला संरक्षण देतं. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची नाही.

आणि गाडी पळून गेली तर? इथे तर सगळ्यात मोठी गळती आहे. कलम १६१ खालच्या योजनेत गाडी सापडली नाही तरी मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार मिळतात. २०२२ च्या आधी हेच आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते. अर्ज न्यायालयात नाही, महसूल खात्याकडे करायचा. म्हणजे जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला काढायला आपण ज्या तहसील कार्यालयात रांग लावतो, तिथेच.

किती लोक करतात? २०२२ या वर्षात देशात ६७,३८७ हिट अँड रन अपघात नोंदले गेले. २०२२-२३ मध्ये भरपाईचे अर्ज आले २०५.

दोनशे पाच!

हे आकडे सर्वोच्च न्यायालयासमोर आले, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयानं पोलिसांना बजावलं: महिनाभरात गाडीचा पत्ता लागला नाही तर जखमीला किंवा वारसांना या योजनेबद्दल लेखी कळवा. लेखी. तुमच्या घरी असं पत्र आलं का? नसेल आलं तर जाऊन मागा.

त्याआधी एक काम. आपल्या पट्ट्यात आता दर दोन बंगल्यांमागे एकाच्या गेटवर कॅमेरा असतो आणि निम्म्यांचं तोंड रस्त्याकडे. पळालेली गाडी त्यातल्या एखाद्यात दिसणारच. पण चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, त्याच्यावर नवं चढतं. पोलीस पंचनाम्याला आले की कॅमेऱ्याकडे बोट दाखवा, जबाबात लिहून घ्यायला लावा. तेरावा झाल्यावर बंगलेवाल्याकडे गेलात तर हात हलवत परत याल.

गाडी सापडली, चूक कुणाची हे सिद्ध करता येईना, तरीही कलम १६४ आहे. चुकीचा प्रश्नच न काढता मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. ऐकायला बरं वाटतं. पण ही रक्कम घेतली की वर हिशेब मांडला तो कलम १६६ चा मोठा दावा संपतो. विमा कंपनीचा माणूस धनादेश घेऊन गोड बोलत घरी आला, तर त्याला चहा द्या, सही देऊ नका. आधी वकिलाला विचारा.

वकील म्हटलं की दुसरा मध्यस्थ उगवतो. हा दवाखान्याच्या दारात उभा असतो. "एक पैसा देऊ नका, मिळेल त्यातले तीस टक्के." निकालाच्या टक्केवारीवर फी ठरवायला वकिलाला बार कौन्सिलच्या नियमानं मनाई आहे. ज्याची सुरुवात नियम मोडून होते, तो तुमच्या पायासाठी किती भांडेल?

खरं तर फुकट वकील मिळतो. तालुका विधी सेवा समिती असते. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतला ठाकूर, कातकरी माणूस जन्मतःच या हक्कात बसतो. वीटभट्टीवरून सायकल ढकलत येणाऱ्या त्या माणसाला हे सांगायला कुणी वाडीवर गेलं का? मतं मागायला तर सगळे जातात.

"पण अलिबागच्या जिल्हा न्यायालयात खेटे कोण घालणार?" हा प्रश्न खरा आहे. भिवपुरीहून अलिबाग म्हणजे अख्खा दिवस आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी. पण कायद्यात पर्याय आहेत. अपघात झाला तिथे, दावेदार राहतो किंवा काम करतो तिथे, किंवा समोरचा पक्ष राहतो तिथे दावा लावता येतो. फार्महाऊसला येणारी गाडी बहुतेक वेळा मुंबई-ठाण्याची असते. मालक ठाण्याचा असेल तर दावा ठाण्यात लावा.

लोकल आपल्या स्टेशनवरूनच सुटते. या वेळी खेटे साहेबांना.

न्यायालयात मग जुनी टेप लागते. सायकलला दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, हेल्मेट नव्हतं. सायकलस्वाराला मोटार वाहन कायद्यानं हेल्मेटची सक्ती केलेलीच नाही. सायकलस्वाराचाही हलगर्जीपणा होता असं म्हणणाऱ्यानं तो सिद्ध करायचा असतो, आणि सिद्ध झाला तरी रक्कम त्या प्रमाणात कमी होते, दावा बुडत नाही. तरी दिवा लावा. कंपनीसाठी नाही, अंधारात येणाऱ्या गाडीसाठी.

बातमीतही सगळे सायकलवाले सारखे नसतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी मुंबईच्या पाम बीच मार्गावर पहाटे सायकल चालवताना अवतार सैनी यांना टॅक्सीनं उडवलं. इंटेलचे भारतातले माजी प्रमुख, संगणकाच्या चिपमधलं मोठं नाव. सायकल पुढच्या चाकाखाली अडकली असतानाही ड्रायव्हर पळू पाहत होता. सगळ्या वृत्तपत्रांत बातमी आली, आणि ती यायलाच हवी होती. डिकसळच्या वॉचमनला उडवलं तर चार ओळी तरी येतात का?

आणि मुळात सायकलनं चालायचं कुठून? मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवर सायकलला बंदी आहे, ठीक. मग खालापूर-खोपोलीतल्या कामगारानं जुन्या महामार्गावरून कंटेनरच्या शेजारून जायचं. त्या कंटेनरला आणि सायकलला वेगळं करणारी जागा कुठे आहे? पांढरा पट्टा संपतो तिथे खडी, खडी संपते तिथे गटार. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या कितीतरी तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात. चांगलंच आहे. त्या सायकली ज्या रस्त्यावर चालायच्या, त्याच्या रुंदीकरणात वाढलेली जागा कुणाला गेली?

गाड्यांना. सगळीच्या सगळी.

रस्ता रुंद व्हायला वर्षं लागतील. फलक लावायला एक सकाळ पुरते. कर्जत आणि खालापूरच्या तहसील कार्यालयांत, प्रत्येक पोलीस ठाण्यात, उपजिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागाबाहेर आणि भिवपुरी रोडला सायकली लावतात तिथे मोठ्या मराठी अक्षरांत लिहा: गाडी पळाली तर अर्ज कुठे, गाडी सापडली तर दावा कुठे, मुदत सहा महिने, फुकट वकील कुणाला. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा ठराव मांडायला कुणाची परवानगी लागत नाही. कोणती ग्रामपंचायत आधी मांडते?