चोवीसचे पाच हजार

मुंबई-कोलकाता महामार्गावरच्या देवरीत बसून देशाचा वीजप्रश्न सोडवता येतो, हे अजून दिल्लीला कळलेले नाही. बाजारात मिळणारा स्वस्तातला अॅम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी घ्या. खोक्यावर ठसठशीत ‘5000 वॅट पीएमपीओ’. अडॅप्टरवर मुंगीच्या अक्षरांत 12 व्होल्ट, 2 अँपिअर. म्हणजे आत 24 वॅट जातात, बाहेर पाच हजार येतात!

काही खडूस मंडळी तरीही विचारतात, एका वॅटला एका मीटरवर किती डेसिबल? म्हणे 84 ऐवजी 90 डेसिबलचा स्पीकर घेतला, तर तेवढ्याच आवाजाला चौथाई वीज पुरते. कमी ताकदीच्या अॅम्प्लिफायरला हीच जोडी शोभते. असल्यांच्या नादी लागूनच अमेरिकेने 1974 मध्ये वॅट कसे मोजावेत याचा नियम केला आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतले.

आपल्याच जिल्ह्यातले तिरोड्याचे औष्णिक केंद्र 3300 मेगावॅटचे. त्यासाठी किती कोळसा, किती राख! तेवढ्या विजेला असे 6 लाख 60 हजार खोके पुरतील. ते चालवायला लागतील जेमतेम 16 मेगावॅट, तेही त्यांच्यातलेच 3200 खोके देतील. कोळसा शून्य.

अडचण एकच. घरचा वीजमीटर अजूनही चोवीसच वॅट दाखवतो. मीटर सदोष असणार. ग्राहकांनी लेखी तक्रार करून वाढीव बिल त्वरित मागून घ्यावे.