असे छप्पन्न पाहिले

फ्लोरिडात 5 नोव्हेंबर 2024 रोजी डोनाल्ड ट्रम्प यांना 56 टक्के मतं पडली आणि दणदणीत विजय म्हणून जल्लोष झाला. त्याच मतपत्रिकेवर आणखी एक प्रश्न होता: एकवीस पूर्ण केलेल्या माणसाला स्वतःपुरता गांजा बाळगू द्यावा का? त्यालाही जवळपास 56 टक्के मतदारांनी ‘हो’ म्हटलं.

प्रस्ताव पडला.

राज्याच्या घटनादुरुस्तीला तिथे 60 टक्के लागतात. आपल्याकडे पस्तीस मार्कांवर दहावीचे पेढे वाटतात, म्हणून हे जरा कडक वाटेल. पण ही साठाची अट आली कुठून? 2006 साली ती मतदारांनीच मंजूर केली, 57.8 टक्के मतांनी. तिचाच नियम तिला लावला असता, तर ती जन्मालाच आली नसती.

प्रस्तावाला विरोध करणाऱ्या गव्हर्नर रॉन डिसँटिस यांना गांजाच्या वासाचा फार त्रास. 2018 मध्ये ते 49.6 टक्क्यांवर निवडून आले, 2022 मध्ये 59.4 टक्क्यांवर; साठी काही त्यांनाही गाठता आली नाही, पण खुर्ची मिळाली. वासाचं म्हणाल, तर डॉक्टरी कार्डावर गांजा ओढायची परवानगी देणाऱ्या कायद्यावर 2019 मध्ये सही यांचीच. आज आठ लाखांहून जास्त रुग्णांकडे असं कार्ड आहे. तेव्हा कार्डवाल्याचा धूर औषधी. शेजारच्या बिनकार्डवाल्याकडे 20 ग्रॅमपर्यंत सापडला तर वर्षापर्यंत कैद, त्याहून जास्त सापडला तर पाच वर्षांपर्यंत. नाकाला हा फरक कसा कळतो, हे सरकारच जाणे.

सुधारणावालेही काही गोरगरिबांचे कैवारी नव्हते. प्रचाराचा बहुतेक खर्च ट्रुलिव्ह या गांजाविक्रेत्या कंपनीने उचलला. दहा कोटी डॉलरच्या वर. घरच्या कुंडीत रोप लावायची मुभा मात्र प्रस्तावात नव्हती. माल दुकानातूनच घ्यायचा! तरीही दुकानदाराचा गल्ला भरणं हे नागरिकाला तुरुंगात भरण्यापेक्षा बरं, एवढा हिशेब मतदारांना जमला. खुद्द ट्रम्प यांनीही पाठिंबा दिला होता. उपयोग शून्य.

म्हणून फ्लोरिडाच्या नागरिकांना आग्रहाची विनंती, की पुन्हा कंबर कसावी. प्रस्ताव आणायचा तर आधी लाखो सह्या गोळा कराव्या लागतील. तिथे मात्र जपून. मे 2025 मध्ये याच गव्हर्नरांनी मंजूर केलेल्या कायद्याप्रमाणे नोंदणी न करता घरच्या माणसांखेरीज इतरांच्या सह्यांचे पंचवीसपेक्षा जास्त अर्ज गोळा करणं हा गंभीर गुन्हा आहे. शिक्षा? पाच वर्षांपर्यंत; 20 ग्रॅमच्या वर गांजा सापडल्यावर होते तेवढीच. तेव्हा उत्साही कार्यकर्त्यांनी नोंदणी उरकूनच शेजाऱ्याची बेल वाजवावी. नोंदणी नसेल, तर पंचविसाव्या अर्जावर मुकाट घरी यावं आणि सव्विसावा शेजारी स्वतःहून पेन घेऊन मागे धावत आला, तरी वळून पाहू नये.