फूटपट्टीने मोजलेला गोवा

भूगोल हा माझा हातखंडा विषय आहे, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असतो. त्यामुळे सावंतवाडीला भाचीचं लग्न ठरलं, तेव्हा प्रवासाची आखणी आपसूक माझ्याकडे आली. म्हणजे मी ती दुसऱ्या कुणाच्या हाती लागूच दिली नाही.

मी पुण्याहून मोपाला उतरणार होतो, मेव्हणा बंगळूरहून दाबोळीला. 2023च्या जानेवारीपासून गोव्यात दोन विमानतळ चालू आहेत. दाबोळी दक्षिणेला मुरगाव तालुक्यात, नौदलाच्या तळावर; मोपा पार उत्तरेला पेडण्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला खेटून. मोपाहून सावंतवाडी तासाभराच्या आत. शहाण्या माणसाने तडक लग्नघर गाठलं असतं. मी मेव्हण्याला बजावलं, "तू दाबोळीलाच थांब. मी येतो घ्यायला. चाळीस किलोमीटर तर आहे, पाऊण तास धर."

हे चाळीस किलोमीटर मी नकाशावर फूटपट्टी ठेवून काढले होते. आकडा बरोबरच होता. सरळ रेषेत अंतर साधारण तेवढंच भरतं. फक्त टॅक्सी सरळ रेषेत जात नाही. रस्त्याने तेच अंतर साठीच्या घरात जातं.

मोपाला टॅक्सीवाल्याला दाबोळी सांगितलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे.

"काका, वेळ लागतलो हां."

मी त्याला नकाशा समजावून सांगितला. त्याने मान डोलावली आणि एसी वाढवला.

कोलवाळला शापोरा नदी ओलांडली. म्हापसा मागे पडलं. पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामापाशी गाडी जी थबकली, ती थबकलीच. सायकलवरचा पोदेर पों पों करत आमच्या बाजूने पुढे गेला. थोड्या वेळाने पाव विकून तो परतही आला. आम्ही तिथेच. मग मांडवी, पणजीला वळसा, बांबोळीचा चढ आणि शेवटी जुवारी. फूटपट्टी ठेवताना या तिन्ही नद्या तिच्याखाली झाकल्या गेल्या असाव्यात.

दाबोळीला पोचायला दोन तास उलटून गेले होते. मेव्हण्याला शोधायला फोन काढला, तर तो अजून विमानातच होता, म्हणजे फ्लाइट मोडवर. बटण दाबताच संदेश धडाधड कोसळले. 'भाऊजी, फोन लागत नाहीये. तुम्हाला उगाच हेलपाटा कशाला? मीच मोपाला येतो.' त्याखाली, 'मोपाला पोचलो. तुम्ही कुठे आहात?' त्याखाली बायकोचा एकच शब्द होता. तो इथे छापता येण्याजोगा नाही.

त्याच टॅक्सीने मी परत निघालो. टॅक्सीवाला वाटभर काही बोलला नाही. त्याचं भाडंच काय ते बोललं. सावंतवाडीत पोचलो तेव्हा सीमांतपूजन आटोपलं होतं आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात वाटाणे उरले नव्हते. मेव्हणा जेवून, ढेकर देऊन, माझ्या वाटणीच्या गादीवर आडवा झाला होता.

तेव्हा गोव्याला निघण्याआधी तिकीट नीट वाचा. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. एकावरून दुसरीकडे जायचंच असेल, तर हाताशी तीन तास ठेवा. आणि विमान टेकलं की आधी फोन चालू करा.