तंत्रस्नेही तास कसा घ्यावा

प्रति,
बिद्री पंचक्रोशीतील व तत्सम गावांतील सर्व गुरुजी, सर आणि मॅडम.

विषय : परस्परसंवादी वेबसाधनांच्या साहाय्याने अध्यापन करणेबाबत.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, ज्यांनी आजवर मुलांच्या हातून मोबाईल काढून घेण्यात हयात घालवली, त्यांनीच तो आता मुलांच्या हाती द्यावयाचा आहे. यात कोणास विसंगती आढळल्यास ती त्याची वैयक्तिक अडचण समजली जाईल. सदर मार्गदर्शिका सर्वांना बंधनकारक असून तिचे पालन न केल्यास काहीही होणार नाही.

हा भाग शैक्षणिक प्रयोगांना नवखा नाही. बिद्रीहून पुढे गारगोटीला डॉ. जे. पी. नाईकांनी मौनी विद्यापीठ उभे केले आणि तेच पुढे कोठारी आयोगाचे (१९६४–६६) सदस्य-सचिव झाले. त्यांच्या काळी प्रयोगाला माणसे लागत. आता पासवर्ड लागतो.

व्याख्या : तंत्रस्नेही शिक्षक म्हणजे ज्याच्याकडे बाकीचे शिक्षक आपापल्या लिंका भरायला देतात तो. आमच्याकडचे सर या व्याख्येत चपखल बसतात. डबा घरी विसरतील, पण बॅगेत ट्रायपॉड असणारच. मुख्याध्यापकांचा ओटीपी येईना, पोषण आहाराची माहिती ॲपवर चढेना, शिपाईमामांच्या सुनेचा फॉर्म अडला, की हाक एकालाच जाते. त्यांचा अर्धा दिवस यात जातो आणि उरलेल्या अर्ध्यात ते आमच्यासाठी नवे साधन शोधून आणतात. सोमवारी त्यांच्या चेहऱ्यावर तेज दिसले, की रविवारी वेबिनार झाला असे समजावे आणि शक्य असल्यास रजा टाकावी.

पूर्वतयारी : तासाच्या आदल्या दिवशी वीज, रेंज, रिचार्ज आणि कपाटाची किल्ली या चार बाबींची खातरजमा करावी. पैकी पहिल्या तीन ईश्वराधीन असून चौथी मुख्याध्यापकांच्या खिशात असते. मुख्याध्यापक कागलला मीटिंगला गेले असल्यास माजी विद्यार्थ्यांनी दिलेला स्मार्ट टीव्ही कपाटातच स्मार्ट राहतो.

नियम १. खेळ. कहूट हे साधन नॉर्वेचे. यात प्रश्न मोठ्या पडद्यावर दिसतो आणि मोबाईलवर फक्त चार रंगीत आकार येतात. त्यामुळे 'पर्याय क' ही चीज वर्गातून हद्दपार होते आणि 'पिवळा! आरं पिवळा दाब की!' असा पुकारा सुरू होतो. प्रश्न हवामानाचा होता की हडप्पाचा, हे बाहेरून जाणाऱ्यास कळत नाही. आमच्याकडे चौघांत एक मोबाईल. तत्त्वतः चौघांनी चर्चा करून एकमताने उत्तर द्यायचे असते. प्रत्यक्षात मोबाईल ज्याच्या पप्पांचा, मत त्याचे. यावर उपाय आहे : दर प्रश्नाला मोबाईल पुढच्याच्या हाती जाईल असा नियम करावा, आणि मोबाईलच्या मालकाचा नंबर सर्वांत शेवटी ठेवावा.

टोपणनावांचा प्रश्न गंभीर आहे. मुलांना नाव टाकण्याची मुभा दिली की पडद्यावर 'काटा किर्र', 'नाद खुळा', 'एकच वाघ' अशी मंडळी उतरतात, आणि नेमके मुख्याध्यापक दारात असताना 'प्रथम क्रमांक : नाद खुळा' असा निकाल लागतो. नावे आपोआप देण्याची सोय चालू करावी. मग वाघ जाऊन इंग्रजी नावाचे प्राणी येतात आणि 'सर, ह्ये कंचं जनावर?' यात पाच मिनिटे जातात. तरी परवडते.

खरं सांगायचं तर हा खेळ मला फारसा पटत नाही. जो लवकर दाबतो त्याला जास्त गुण. आमच्या वर्गात ओठ हलवत वाचणारी मुलं आहेत. वीस सेकंदांत त्यांचा प्रश्नसुद्धा वाचून होत नाही. मग ती कुठलाही रंग दाबतात आणि हसतात. म्हणून वेळ नव्वद सेकंदांवर न्यावी, जमल्यास दोन मिनिटांवर. चपळ पोरं कुरकुरतील. कुरकुरू देत.

नियम २. भिंत. पॅडलेट नावाच्या भिंतीवर मुलांना लिहू देण्यापूर्वी 'आधी शिक्षकांची मंजुरी' ही सोय चालू करावी. का, ते विचारू नये.

नियम ३. शब्दांचा ढग. मेंटिमीटर हे स्वीडनचे. सगळ्यांनी एकेक शब्द पाठवायचा. जो शब्द जास्त जणांचा, तो पडद्यावर मोठा दिसतो. 'दूधगंगा म्हटल्यावर पहिला शब्द?' असे विचारल्यास ऊस, काळम्मावाडी, मासे, मोटर असे काहीबाही येईल. पण २०१९ आणि २०२१ पाहिलेल्या कोल्हापूरकरांच्या मनात काय आहे ते आपण जाणतोच. तरीही तो शब्द मोठा होत नाही, कारण निम्म्यांनी 'पूर' लिहिलेला असतो आणि निम्म्यांनी 'पुर'. यंत्राच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. मराठीच्या मॅडमनी इतकी वर्षे कंठशोष करून जे साधले नाही ते इथे क्षणात साधते : दीर्घाची गरज मुलांना डोळ्यांनी दिसते. मात्र अशा वेळी भूगोलाच्या सरांनी आपला तास मॅडमना गेला असे समजून स्वस्थ बसावे.

नियम ४. गळीत हंगामात आवाजाची साधने वर्ज्य. दूधगंगा-वेदगंगा कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या आणि कर्णे घेऊन शाळेवरून गेला की पडद्यावरचा नासाचा शास्त्रज्ञसुद्धा नुसतेच ओठ हलवतो. मुलांना आवाजावरून ट्रॅक्टर कुणाचा ते कळते. ही आकलनक्षमता कुठल्याही चाचणीत मोजली जात नाही, हे व्यवस्थेचे अपयश.

नियम ५. फुकटच्या साधनावर जीव लावू नये. आमच्या सरांनी गुगलच्या जॅमबोर्डवर वर्षभराचे भूमितीचे फळे सजवले होते. गुगलने ते ३१ डिसेंबर २०२४ रोजी कायमचे बंद केले. सरांनी सुतक पाळल्यासारखा जानेवारी काढला. शाळेतला काळा फळा बंद करण्याचा अधिकार अमेरिकेतल्या कोणाकडे नाही, एवढे लक्षात ठेवून प्रत्येक कामाची एक पीडीएफ प्रत काढून ठेवावी. विज्ञानवाल्यांनी कोलोरॅडो विद्यापीठाचे फेट पाहावे. त्यातले बरेच प्रयोग मराठीतही आहेत, आणि एकदा डाउनलोड करून घेतले की रेंज नसतानाही चालतात. या मार्गदर्शिकेतले हे एक वाक्य गंभीरपणे घेतले तरी चालेल.

नियम ६. सहयोग. सहयोगी अध्ययनाची परमावधी म्हणजे एकच तक्ता अनेकांनी एकाच वेळी भरणे. हा प्रयोग मुलांवर क्वचित आणि शिक्षकांवर दररोज होतो. रात्री साडेनऊला ग्रुपवर गुगल शीटची लिंक येते : 'सर्वांनी तात्काळ भरावी. अत्यंत महत्त्वाचे.' तालुक्यातले सगळे त्यात एकदम उतरतात. कुणी आपल्या शाळेचा पट शेजारच्या शाळेला बहाल करतो. कुणी 'निरंक' लिहायला जातो आणि खालच्या वीस ओळी निरंक करतो. एखादे उत्साही गृहस्थ आपले नाव पटकन सापडावे म्हणून अख्खा तक्ता अकारविल्हे लावतात; फक्त नावांचा रकाना, आकड्यांचा नाही. दहा वाजता लिंक पाठवणारे विचारतात, 'कोणी छेडछाड केली?' ग्रुपवर स्मशानशांतता. मग कुणीतरी अंगठा दाखवतो. अशा वेळी घाबरू नये. शीटच्या 'फाईल' मेनूत 'आवृत्ती इतिहास' असतो. तिथून साडेनवाची शीट परत आणता येते. आणि कोणी काय केले तेही तिथे दिसते, पण ते ग्रुपवर सांगू नये. सगळ्यांना याच तालुक्यात नोकरी करायची आहे.

नियम ७. फोटो. तास होवो न होवो, फोटो व्हावा. त्यात स्थळ, वेळ आणि अक्षांश-रेखांश असावेत. मुलांचे चेहरे पडद्याकडे आणि शिक्षकाचा कॅमेऱ्याकडे असावा.

सरांच्या या उत्साहामागे एक नाव आहे. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले त्यामागे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचे काम आहे. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले आणि दहा लाख डॉलरांतली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. 'परितेवाडीला होतंय, तर आमाला का न्हाई?' असे सर तेव्हापासून म्हणतात. निम्मी रक्कम वाटून उरलेल्यात पतसंस्थेचे कर्ज फिटेल का, याचा हिशोब स्टाफरूममध्ये झालेला आहे. फिटते.

नियम ८. पत्ते. हे साधन मात्र मी सरांकडून मनापासून घेतले. प्लिकर्स याचे नाव. मुलांकडे मोबाईल लागतच नाही, शिक्षकाचा एक पुरतो. मुलांना एकेक कागदी पत्ता द्यायचा. त्यावर क्यूआरसारखी काळी चौकोनी नक्षी असते आणि चार बाजूंना बारीक ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटते ती बाजू वर धरायची. आपण वर्गावरून कॅमेरा फिरवायचा. कोणी काय उत्तर दिले ते आपल्या मोबाईलवर उमटते. प्रत्येकाची नक्षी वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचे बघून उपयोग नाही. पत्ते जाड कागदावर छापावेत. झेरॉक्सवाला 'लॅमिनेट करून देतो, टिकत्यात' म्हणेल. चकचकीत लॅमिनेशनवर उजेड चमकतो आणि कॅमेऱ्याला काही दिसत नाही. बोटे काळ्या भागावर येऊ देऊ नयेत. कोपरे चावू देऊ नयेत, हे लिहायला सोपे.

एकदा माझ्या वर्गात दशांश अपूर्णांक शिकवून झाले होते. 'कळलं का?' विचारल्यावर वर्ग एका सुरात 'हो सऽऽर' म्हणाला. महाराष्ट्रातल्या शाळांत याहून जास्त वेळा बोलले जाणारे खोटे नाही. मग पत्ते काढले. मोठी संख्या कोणती : ०.५ की ०.४५? कॅमेरा फिरवला आणि अर्ध्याहून जास्त वर्गाने ०.४५ धरलेले. पाचापेक्षा पंचेचाळीस मोठे, हे त्यांचे गणित. त्यात पहिल्या बाकावरची, सगळ्यांत मोठ्याने 'हो सर' म्हणणारी मंडळीही होती.

सर मागे ट्रायपॉड लावून उभे होते. तो तसाच सोडून ते पुढे आले आणि म्हणाले, "बरं, एका खेपंला साडेतीन टन ऊस गेला, म्हंजे ३.५. दुसऱ्या खेपंला ३.४५. पैसं कुठल्याचं जास्त?" मागच्या बाकावरून एक पोरगा ओरडला, "सर, साडेतीनचं! पन्नास किलो जास्त हाय की. कोण सोडतंय?" पत्ते पुन्हा वर आले, तेव्हा चार-पाच सोडून सगळे बरोबर. त्या पोराच्या वहीत दशांशचिन्ह कधी जागेवर पडलेले मी पाहिले नव्हते. काट्यावरची पावती मात्र तो वडिलांना वाचून दाखवतो. या सगळ्याचा फोटो निघाला नाही. ट्रायपॉडवरच्या मोबाईलची बॅटरी तोवर संपली होती.

त्या दिवशी सरांच्या अहवालात या तासाची नोंद 'उपक्रम घेण्यात आला, छायाचित्र उपलब्ध नाही' अशी झाली, आणि छायाचित्राअभावी तो उपक्रम मोजला गेला नाही.

सबब, लिंका पाठवणाऱ्या सर्व वरिष्ठांस नम्र विनंती की, आठवड्याला एक लिंक कमी पाठवावी. आमच्या सरांचा एक तास त्यात सुटतो, आणि दशांशानंतर शेकडेवारी अजून शिकवायची राहिली आहे.